चित्र, चार वर्षांची मुलं आणि ‘कशावरून?’

मेरी कसॅट या चित्रकर्तीनं १८७८ साली एक लहान मुलगी रंगवली. मुलगी मोठ्या निळ्या खुर्चीत आहे, पण ‘बसली आहे’ असं म्हणवत नाही. ती पसरली आहे. एक हात डोक्यामागे, पाय ऐसपैस, नजर खाली कुठेतरी. शेजारच्या तशाच निळ्या खुर्चीवर एक छोटं कुत्रं निवांत पडलंय. खोलीत अजूनही निळ्या खुर्च्या आहेत, त्या रिकाम्या.

चार-पाच वर्षांच्या पाच-सहा मुलांपुढे हे चित्र ठेवून ‘इथे काय चाललंय?’ एवढंच विचारलं, तर साधारण असं काहीतरी कानावर येतं:

“ती झोपलीये.”
“नाही, डोळे उघडे आहेत.”
“ती रुसलीये.”
“कुणावर?”
“आईवर. आई बाहेर गेली, हिला नेलं नाही.”
“कुत्रा पण रुसलाय.”
“कुत्रा नाही रुसला. कुत्रा झोपलाय.”

ही सात वाक्यं जरा सावकाश बघू. पहिल्या मुलानं अंदाज केला. दुसऱ्यानं तो खोडला, आणि खोडताना ‘चूक’ असं न म्हणता चित्रातली खूण दाखवली: डोळे उघडे. तिसरीनं मुलीच्या अंगाकडे बघून तिच्या मनात काय असेल ते ओळखायचा प्रयत्न केला. चौथ्यानं ‘कुणावर?’ विचारलं, कारण मराठीत रुसायला आपलं माणूस लागतं. नुसतं रागावता येतं, नुसतं रुसता येत नाही. त्या एका शब्दातून चित्रात नसलेली आई आली, तिचं बाहेर जाणं आलं, ‘हिला नेलं नाही’ हे कारणही आलं. शेवटच्या दोन वाक्यांत तर ‘रुसणं’ कुत्र्याला लागू होतं का, यावर वाद चालू आहे. मोठ्या माणसानं यातलं काहीही शिकवलं नाही. चित्र निवडलं, एक प्रश्न विचारला आणि गप्प राहिलं.

अशा बोलण्याला मी चित्रगप्पा म्हणते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या भाषेसाठी आणि एकमेकांशी वागण्या-बोलण्याच्या समजुतीसाठी इतकं साधं आणि इतकं भरीव साधन मला दुसरं माहीत नाही. ते काम कसं करतं, हे कळलं की वापरायलाही सोपं जातं.

गोष्ट ऐकताना मूल एखाद्या शब्दापाशी अडखळलं, की तोवर गोष्ट पुढे गेलेली असते. चित्र जागचं हलत नाही. हवा तेवढा वेळ बघता येतं, पुन्हा मागे येता येतं, शब्द आठवत नसेल तर बोट ठेवता येतं. बोट दाखवणं ही भाषेची फार जुनी पायरी आहे. वर्षाच्या आसपासचं बाळ बोट दाखवून ‘तू पण बघ’ असं सांगू लागतं, आणि दोघांची नजर एकाच वस्तूवर असताना उच्चारलेला शब्द त्या वस्तूला चिकटतो. चित्रासमोर बसलेल्या सहा मुलांच्या बाबतीत हेच घडतं. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी असतात, त्यामुळे कोण कशाबद्दल बोलतंय हे वेगळं सांगावं लागत नाही आणि सगळी शक्ती म्हणण्यावर खर्च करता येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलांचं रोजचं बोलणं बहुतेक ‘इथलं आणि आत्ताचं’ असतं: पाणी दे, हा माझा आहे, तिकडे नको. त्यात अर्धं काम हातवारे करतात. पण पुढे वाचायला लागल्यावर लागते ती भाषा वेगळ्या जातीची असते. समोर नसलेल्या माणसाबद्दल, आधी घडून गेलेल्या किंवा घडू शकणाऱ्या गोष्टीबद्दल, कारणासकट बोलायचं असतं. चित्र या दोन्हींच्या मध्ये उभं आहे. मुलगी आणि खुर्ची समोर दिसतात, पण ती अशी का पसरली आहे ते दिसत नाही. ते सांगायचं तर ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आधी’, ‘असेल’, ‘बहुतेक’ असे शब्द वापरावेच लागतात. मूल दिसणाऱ्या गोष्टीवर एक पाय ठेवून न दिसणाऱ्या गोष्टीकडे दुसरा पाय टाकतं.

आणि हे सगळं बोलण्यातून व्हायला हवं, नुसतं ऐकण्यातून होत नाही. २०१८ साली अमेरिकेत रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातलं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूत काय घडतं ते तपासलं. भाषेशी निगडित ब्रोका क्षेत्राच्या कामाशी संबंध दिसला तो ‘तू बोललास, मी बोलले, मग पुन्हा तू’ अशा देवाणघेवाणीचा. मोठ्यांनी एकूण किती शब्द उच्चारले, याचा नव्हे. चित्र समजावून सांगणारं मोठं माणूस कितीही गोड बोलत असलं तरी त्याचं भाषण ही चित्रगप्पा का नव्हे, ते यावरून कळेल.

आता प्रश्नांकडे येऊ. सगळी मेख इथेच आहे.

‘हे काय आहे?’ या प्रश्नाला ‘कुत्रा’ एवढं उत्तर पुरतं आणि बोलणं तिथेच मिटतं. ‘खुर्चीचा रंग कोणता?’ हाही त्याच घरातला. मोठ्यांना उत्तर माहीत असतं आणि मुलाला ते माहीत असल्याचं माहीत असतं. ही परीक्षा झाली. तीन वर्षांच्या मुलाशी सुरुवात करताना असे प्रश्न चालतात, नाहीतर त्याला बोलायला धागाच सापडत नाही. पण तिथेच मुक्काम ठोकायचा नाही.

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्या वेळी शिक्षण विभागाचे प्रमुख असलेले फिलिप येनावाईन आणि मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउसेन यांनी चित्रांवर बोलण्याची एक पद्धत विकसित केली. तिच्यात प्रश्न तीनच आहेत. या चित्रात काय चाललंय? असं म्हणावं असं तुला काय दिसलं? आणखी काय सापडतंय? बोलणं चालवणाऱ्यानं मुलांनी उल्लेखलेल्या जागेवर बोट ठेवायचं, त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, दोघांची म्हणणी एकमेकांना जोडायची. चित्राची माहिती द्यायची नाही, ‘शाब्बास’ आणि ‘चूक’ दोन्ही म्हणायचं नाही. पद्धत मुळात शाळेतल्या, जरा मोठ्या मुलांसाठीची. तीन वर्षांच्या मुलाला ‘काय चाललंय?’ हा प्रश्न मोठा पडतो. त्याला आधी ‘काय काय दिसतंय?’ विचारावं, आणि ‘काय करतेय ती?’ याच्याकडे हळूहळू यावं.

दुसरा प्रश्न या पद्धतीचा कणा आहे, आणि आपल्या भाषेनं तो एका शब्दात देऊन ठेवला आहे: ‘कशावरून?’

‘का?’ आणि ‘कशावरून?’ यांत मोठं अंतर आहे. ‘तुला असं का वाटलं?’ म्हटलं की मुलाला जाब विचारल्यासारखं वाटतं. दिवसभरातले त्याच्या वाट्याचे ‘का?’ बहुतेक ‘का सांडलंस?’, ‘का मारलंस?’ अशा जातीचे असतात. ‘कशावरून?’ मात्र मुलाला परत चित्राकडे पाठवतं. उत्तर त्याच्या स्वभावात शोधायचं नसतं, समोरच्या कागदावर शोधायचं असतं. “ती कंटाळलीये.” “कशावरून वाटलं तुला?” “हात बघ ना. आणि पाय. कुणी बघत नसलं की मी पण अशी पडते.” बघणं, त्यावरून ताडणं, ते शब्दांत मांडणं, ही तर्काची पूर्ण साखळी इथे आहे, आणि ती चार वर्षांच्या तोंडी आहे. मोठी माणसं भांडणात ‘कशावरून?’ असं खडसावूनही विचारतात, म्हणून सूर सांभाळावा. ‘तुला कशावरून वाटलं?’ असं कुतूहलानं विचारलं की काम होतं. खरं म्हणजे ते कुतूहल मनात असावंच लागतं. खोटा सूर मुलं लगेच पकडतात.

प्रश्न विचारून झाला की थांबायचं. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार अवघड. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, आणि १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ही वेळ तीन सेकंदांच्या वर नेली की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात, मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागतात. तिनं दोन थांबे मोजले होते: एक प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा थांबा आपण जवळजवळ नेहमीच गिळून टाकतो. मूल म्हणतं, “ती रुसलीये,” आणि आपण लगेच “हो का! अजून कोण सांगतंय?” म्हणून पुढे जातो. ‘आई बाहेर गेली’ हे त्याच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहतं. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत, सुरुवातीला हाच उपाय.

मग मुलाचं वाक्य त्याला परत द्यायचं, जरा वाढवून. मूल म्हणतं, “कुत्रा खुर्ची.” आपण म्हणतो, “हो, कुत्रा खुर्चीवर पडलाय. मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर.” त्याची चूक काढली नाही, आणि ‘वर’, ‘शेजारच्या’ हे जोड त्याच्या कानावर पडले. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चित्रांच्या पुस्तकांबाबत असाच प्रयोग केला. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी महिनाभर एवढंच करायला सांगितलं: मोकळे प्रश्न विचारा, मुलाचं उत्तर वाढवून परत द्या, नुसतं वाचून दाखवू नका. महिन्याअखेर ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत पुढे होती, आणि नऊ महिन्यांनंतरही फरक टिकून होता, जरी कमी झाला होता. सामग्री तीच होती, वेळही तोच होता. बदलली ती बोलण्याची दिशा.

शब्द देण्याची खरी संधी इथेच मिळते. मूल म्हणतं, “ती अशी बसलीये,” आणि स्वतः पसरून दाखवतं. आपण म्हणायचं, “अशी पसरलीये का? की रेललीये?” मग दोन्ही करून बघायचं. रेलणं, पसरणं, लवंडणं, लोळणं, कलंडणं: शरीरानं कळलेला शब्द विसरला जात नाही. मनाच्या शब्दांचंही तसंच. ‘हॅपी’ आणि ‘सॅड’ या दोन डब्यांत सगळं भरून टाकू नये. मुलगी दुःखी आहे म्हणजे नेमकी कशी? हिरमुसली असेल, म्हणजे काहीतरी हवं होतं ते मिळालं नाही. कंटाळली असेल, दमली असेल, खट्टू झाली असेल, फुगून बसली असेल. प्रत्येक शब्द एक वेगळी गोष्ट सांगतो. मराठीत हे शब्द मुबलक आहेत, पण कुणी बोललं नाही तर मुलांपर्यंत पोचणार कसे?

इथून भाषेचा प्रश्न माणसांशी वागण्याच्या प्रश्नात शिरतो. दोन्ही वेगळे विषय आहेत असं मला वाटतही नाही.

१९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा म्हणतात, जिथे ते खरंच आहे तिथे. चॉकलेट हलवल्याचं मला माहीत आहे म्हणजे त्यालाही माहीत असणार! चार-पाच वर्षांच्या सुमाराला हे बदलतं. त्याच्या डोक्यात वेगळं आहे आणि माझ्या डोक्यात वेगळं, हे मुलाला उमगू लागतं. आपली पाळी येण्याची वाट बघणं, समजूत काढणं, थट्टा ओळखणं, माफी मागणं, सगळं या उमजण्यावर उभं आहे. जॅनेट अॅस्टिंग्टन आणि जेनिफर जेन्किन्स यांनी तीन वर्षांच्या मुलांचा सात महिने पाठपुरावा केला (१९९९). आधीच्या भाषेवरून नंतरची ही समज किती असेल याचा अंदाज येत होता. उलट दिशेनं मात्र येत नव्हता.

चित्रगप्पांत या समजेचा सराव किती सहज होतो बघा. चित्र एकच, दिवेही तेच, सगळे एकाच चटईवर बसलेले, तरी तिला ती रुसलेली वाटते आणि याला झोपलेली. खेळण्यावरून मतभेद झाला तर कुणाचं तरी खेळणं जातं. चित्रावरून झाला तर कुणाचंच काही जात नाही. म्हणून ऐकून घ्यायला शिकण्याची ही सुरक्षित जागा आहे. मोठ्यांनी इथे एक छोटं वाक्य वापरायचं: “तुला वाटतं की ती रुसलीये, आणि तुला वाटतं की तिला झोप आलीये.” ‘वाटतं की…’ या रचनेत माणूस आणि त्याचं म्हणणं अशा दोन पेट्या असतात, एकात एक. हे वाक्य रोज कानावर पडलं की मुलंही ते वापरू लागतात. ‘मला वेगळं वाटतं’ हे वाक्य सापडल्यावर ‘तू खोटं बोलतोस’ हे वाक्य कमी लागतं.

गट लहान हवा, पाच-सहा मुलांचा. वीस मुलं बसवली की दोन बोलतात आणि अठरा शिस्तीत कंटाळतात. वेळ दहा ते पंधरा मिनिटं, आणि त्याआधीच चुळबुळ वाढली तर त्याआधीच आवरावं.

एक सावधगिरी मात्र कळकळीनं सांगावीशी वाटते. चित्रातल्या मुलीबद्दल बोलताना मूल पुष्कळदा स्वतःबद्दल बोलत असतं. “हिला नेलं नाही” यामागे घरातला एखादा प्रसंग असेल किंवा नसेल. आपण लगेच “तुझी आई पण जाते का तुला सोडून?” असं विचारलं तर चित्राचा आडोसा जातो आणि मूल उघडं पडतं. त्याला जे म्हणायचं आहे ते मुलीच्या तोंडून म्हणू द्यावं. ‘मग तिला आता काय केलं तर बरं वाटेल?’ एवढं विचारावं. उत्तरं लक्षात ठेवावीत, त्यावरून निदान करू नये.

चित्र कोणतं निवडावं? ज्यात काहीतरी चाललंय आणि सगळं कळत नाही, असं. विन्सेंट व्हॅन गॉगच्या १८८८ च्या शयनगृहाच्या चित्रात माणूसच नाही, पण उशा दोन आहेत आणि खुर्च्याही दोन. इथे किती जण राहतात, यावर पाच वर्षांची मुलं बराच वेळ बोलू शकतात. होकुसाईच्या प्रचंड लाटेच्या चित्रात मुलांना आधी लाट दिसते, तिचे पांढरे पंजे दिसतात, आणि त्या लाटेखाली होड्या आहेत, होड्यांत माणसं वाकून बसली आहेत, हे थोड्या वेळानं कुणालातरी सापडतं. तो क्षण गटाचा असतो. ब्रुगेलच्या १५६० मधल्या, मुलांच्या खेळांच्या चित्रात दोनशेहून जास्त मुलं खेळताहेत; तीन वर्षांच्यांना ते झेपत नाही, मोठ्यांना कागदात चौकोनी खिडकी कापून द्यावी आणि एका वेळी एकच कोपरा बघायला सांगावं. चित्र मोठं छापलेलं असावं आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला असावं. बाकी तयारी फारशी लागत नाही.

चित्राची माहिती? कसॅटच्या त्या चित्राच्या पार्श्वभूमीवर तिचा मित्र एद्गार दगा यानंही हात फिरवला होता, असं तिनंच पुढे पत्रात लिहिलं. मला ही गोष्ट फार आवडते. पण ती आधी सांगितली की मुलं बघायचं थांबवतात आणि ऐकायला लागतात. कुणी स्वतःहून विचारलं, “हे कुणी काढलं?” तर जरूर सांगावं.

जी मुलं बोलत नाहीत, ती बघत नसतात असं नाही. एखाद्याला शब्दांआधी अंग वापरू द्यावं: “तिच्यासारखी बसून दाखवतेस?” एखाद्याला बोट ठेवू द्यावं आणि त्याचं वाक्य आपण म्हणावं. घरची भाषा किंवा बोली वेगळी असेल तर त्या भाषेतच बोलू द्यावं. बघणं आणि तर्क करणं आधीच चालू झालेलं असतं, इथल्या भाषेतले शब्द त्याला मागून जोडता येतात.

हेच सगळं मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रांनाही लागू आहे, फक्त जास्त हळुवारपणे. फ्रेंच अभ्यासक झॉर्झ-आंरी ल्यूके यांनी १९२७ मध्ये लिहिलं आहे की लहान मूल आधी रेघोट्या ओढतं आणि मग त्यात त्याला काहीतरी ‘सापडतं’. म्हणजे काढताना ते घर नव्हतं, काढून झाल्यावर झालं, आणि पाच मिनिटांनी ते अस्वलही होईल. अशा वेळी ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न मुलाला कोंडीत पकडतो. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढताना गोल डोकं काढून त्यालाच पाय जोडतात. ‘अरे, पोट कुठे गेलं?’ विचारलं की पुढच्या वेळी कागद लपवला जातो. त्यापेक्षा जे दिसतंय ते म्हणावं: “इथे तू खूप जोरात रेघ ओढलीयेस. इथे हळू.” आणि थांबावं. “सांगतेस मला याच्याबद्दल?” यात मुलाला नाही म्हणायची मुभा आहे.

आपण योग्य मार्गावर आहोत का, हे बघायला चाचणी लागत नाही, एक वही पुरते. चित्राचं नाव आणि तारीख घालायची आणि मुलं बोलली ती वाक्यं जशीच्या तशी लिहायची, व्याकरण न सुधारता. महिन्या-दोन महिन्यांनी तेच चित्र पुन्हा लावायचं. वाक्यं किती लांबली, ‘कारण’ आणि ‘असेल’ आलं का, मुलं माझ्याकडे बघून बोलताहेत की एकमेकांकडे बघून, हे वहीत आपोआप दिसतं. समजा एकाच मुलीची पहिली नोंद अशी आहे: “मुलगी. भूभू.” त्याच चित्राखाली तिचीच दुसरी नोंद अशी असू शकते: “तो म्हणतो ती रुसली, पण मला वाटतं तिला गरम होत असेल, कारण ती अशी पसरलीये, आणि कुत्र्याला पण होत असेल म्हणून तो दुसऱ्या खुर्चीवर गेला.”